उपरण्याखालचा सौदा

“गंगे, आडतीतला सौदा हात सोडला की संपतो. बँक हात सोडत न्हाई. सासऱ्यांना सांग, माफ झालेलं बी भरून टाका अन् पुरं फिटल्याचा कागद घ्या.”

माझे बाबा बसलिंगप्पा कंधारहून फोनवर हे म्हणाले, तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बाबांचं सगळं आयुष्य पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर गेलं. ‘त्यांना दूध उतू गेलं तरी थकबाकी दिसते,’ असं मी नवऱ्याला, शिवकुमारला, हसत सांगितलं आणि विषय तिथंच सोडला. सोडणार नाही तर काय करणार? त्या दिवशी आमच्या लातूरच्या घरात पेढे वाटणं चाललं होतं, आणि नवी सून पेढ्याचा डबा हातात घेऊन माहेरचा इशारा कसा सांगणार?

पेढे बँकेला हरवल्याचे होते. टाळेबंदीत आमची डाळमिल बंद पडली, हप्ते तुंबले, आणि शेवटी बँकेनं एकरकमी तडजोडीचं पत्र धाडलं: काही रक्कम एकदम भरा, बाकी माफ. माझे सासरे महादेवप्पा, ज्यांना मी मामा म्हणते आणि त्यांची मुलं अप्पा, ते पत्र खिशात घालून, खांद्यावर उपरणं टाकून एकटेच बँकेत गेले. हाळीच्या बैलबाजारात आणि जुन्या आडतीत त्यांनी उपरण्याखाली सौदे केलेले. दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं, आत बोटं दाबून भाव बोलायचा आणि तोंडानं मात्र पाऊसपाण्याच्या गप्पा मारायच्या. बघणाऱ्याला शेवटपर्यंत काही कळत नाही. हात सुटला की सौदा झाला, मग त्यावर एक शब्द बोलायचा नाही.

पहिल्या बोटावर, म्हणजे पहिल्या भावाला, महादेवप्पा कधीच कबूल होत नाहीत, हे अख्ख्या मार्केट यार्डाला ठाऊक होतं. बँकेच्या साहेबालाही त्यांनी तसाच दमवला असणार. परत आले ते दारातूनच सासूबाईंना हाक मारत, “उमादेवी, पेढे सांग! बँकेला हाळीचा बैल करून आणला!”

ती गोष्ट पुढं त्यांनी प्रत्येक लग्नात, प्रत्येक तेराव्याला सांगितली. आणि खरं सांगते, मलाही अभिमान वाटायचा.

*

मुक्ताचं, माझ्या लेकीचं, लिंगधारण आम्ही मिलच्या आवारातच ठेवलं होतं. जागा मोकळी, आणि मिलही जवळजवळ मोकळीच. महिन्यातून काही दिवस चालायची. साध्या डाळीला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. मोठे व्यापारी सॉर्टेक्सचीच डाळ मागतात. त्या मशीनला कॅमेरे असतात. डागी दाणा दिसला की हवेच्या फुंकरीनं बाजूला उडवते. तसली मशीन घ्यायची म्हणजे कर्ज. अंजूनं, माझ्या नणंदेनं, त्यासाठी अर्ज केला होता. परभणीला अन्नतंत्रज्ञान शिकून आलेली मुलगी. पुण्याची नोकरी सोडून परत आली ती या मिलसाठी.

दिवाळीतच घरात ठरलं होतं. लिंगधारणापर्यंत कर्ज मंजूर झालं तर मिल अंजूची. नाही झालं तर रुद्रेशभाऊजींचं ऐकायचं. हे माझे मोठे दीर. नांदेडला त्यांचं टाइल्सचं दुकान आहे. त्यांनी जागेला प्लॉटिंगवाला बघून ठेवला होता, आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांच्याच बाजूला होत्या. “माझ्या गुडघ्यानं आता ह्या धुरळ्यात यायचं होत न्हाई. इका अन् सुटा,” हे त्यांचं म्हणणं.

अय्यांनी, आमच्या जंगम गुरूंनी, मुक्ताच्या कपाळाला विभूती लावली, रेशमी दोऱ्यातलं लिंग गळ्यात बांधलं. ती रडली नाही. दोरा मुठीत धरून अय्यांकडे अशी बघत राहिली, की मामा म्हणाले, “बघा, भाव इचारायली!” सगळे हसले. मी हसले नाही. माझं लक्ष फाटकाकडे होतं. अंजू सकाळीच बँकेत गेली होती आणि अजून आली नव्हती.

ती आली तेव्हा हुग्गीची, गव्हाच्या खिरीची, पंगत बसली होती. स्कूटर लावून तिनं हेल्मेट काढलं नाही. मी मुक्ताला कडेवर घेऊन चाळणीच्या मशीनमागं गेले.

“हेल्मेट काढ आधी.”

“वहिनी, डोळे पुसू दे, मग काढते.”

“न्हाई म्हणाले?”

“आज न्हाई म्हणाले. माझं सगळं चांगलंय. कॉलेजचं कर्ज मी वेळेवर फेडलं, माझा स्कोअर बघून ते साहेब खूश. पण फर्ममधी अप्पा भागीदार हायेत. त्यांचं नाव टाकलं अन् साहेबांनी स्क्रीन माझ्याकडं वळवली.” तिनं हेल्मेट काढलं. डोळे लाल होते, पण आवाज ताठ होता. “त्या जुन्या कर्जाम्होरं ‘सेटल्ड’ लिहिलंय.”

कंधारचा फोन आठवला. पंगतीत माझे बाबा आत्ता खाली मान घालून हुग्गी खात होते.

“मामांना आज नको सांगू,” मी म्हटलं. “आज नातीचा दिवस आहे त्यांचा.”

“मी बी हेच ठरवून आले.”

अंजूनं नंतर मला सांगितलं की बँकेतून येताना तिला कर्जाचं वाईट वाटतच नव्हतं. पेढ्यांचं वाटत होतं. ते पेढे तिनं हॉस्टेलच्या मैत्रिणींनाही वाटले होते. आता कुठल्या तोंडानं अप्पांना सांगायचं, की तुम्ही ज्याला जिंकणं म्हणता त्याला बँकेच्या भाषेत अर्धवट फेडणं म्हणतात?

पण आमच्या घरात गोष्ट लपवायची तर चेहरा घरी ठेवून यावं लागतं. रुद्रेशभाऊजींनी पंगतीतूनच हाक मारली.

“काय अंजूबाई? बँकेनं काय प्रसाद दिला?”

“जेवणं होऊ द्या, दादा.” हे शिवकुमार. भांडण दिसलं की माझा नवरा आधी वाढपी होतो. हातात तुपाचं भांडं घेऊन तो भावापुढं उभा राहिला. “तूप घे.”

“तूप नको. उत्तर पायजे. प्लॉटवाला संध्याकाळी फोन करायलाय मला.”

मामा पाटावर बसले होते. त्यांनी अंजूकडे बघितलं, मग माझ्याकडे. बाजारात आयुष्य घालवलेला माणूस. समोरच्याच्या पापणीवरून भाव ओळखणारा.

“वाच,” ते म्हणाले.

“अप्पा, संध्याकाळी...”

“संध्याकाळी काय, तीच बातमी गोड व्हती का? वाच म्हणलं की.”

अंजूनं पर्समधला कागद काढला, पण वाचला नाही. तशीच बोलली. “बँक म्हणते, तुमच्या जुन्या कर्जाचा शेरा जोवर हाय, तोवर फर्मला देता येत न्हाई.”

“कसला शेरा? तडजोड केली मी. साहेबाची सही हाय. चोरी न्हाई केली.”

“चोरी म्हणतच न्हाई कुणी. पण सिबिलमधी ‘फेडलं’ असं न्हाई लिहिलेलं, अप्पा. ‘तडजोड’ लिहिलंय. म्हणजे घेतलं त्यातलं थोडं दिलं, थोडं बुडालं.”

“बुडालं?” मामांच्या हातातला घास तसाच राहिला. “त्यानं सोडलं म्हणून म्या दिलं न्हाई. माज्या अन् साहेबाच्या हाताखालची गोष्ट ही. ह्या तिसऱ्याला सांगितली कुणी?”

“बँकेनंच. सगळ्याच बँका सांगतात. कुणी घेतलं, कुणी वेळेवर दिलं, कुणी घासाघीस केली, सगळं. मग दुसऱ्या बँकेत गेलं तरी त्यांना दिसतंय.”

“मंग त्या सिबिलवाल्याला बलाव. मी बोलतो त्याच्यासंगं.”

“तो माणूस न्हाई, अप्पा.”

“माणूस न्हाई तर बोलायचं कसं?”

अंजूनं कागद परत पर्समध्ये ठेवला.

*

रुद्रेशभाऊजींबद्दल मी इथवर कडूच लिहिलं आहे. म्हणून त्या दुपारची त्यांची बाजूही सांगायला हवी. ती मला जाऊबाईंकडून कळली. ते खूश झाले नव्हते, घाबरले होते. त्यांच्या दुकानाचं कर्ज आहे, त्यांनाही सिबिल माहीत. आपणही कधी तंगीत आलो तर वडलांसारखं साहेबाला जाऊन भेटू, सौदा करू, असं त्यांनी मनात धरून ठेवलं होतं. तो रस्ता बंद आहे, हे त्यांना त्या क्षणी कळलं. आणि माणूस घाबरला की टोचून बोलतो.

“अजून सांगत फिरा लातूरभर, बँकेला बैल केला म्हणून! तुमच्या नावापायी पोरीचं कर्ज अडलं. आता तरी इकायचं का?”

आत्याबाईंचा हात त्यांच्या गुडघ्यावरून उठला. सकाळपासून त्या रुद्रेशभाऊजींच्या शेजारी बसून होत्या, त्यांच्याच ताटात वाढत होत्या.

“रुद्र्या, त्यांच्या नावापायी काय म्हणलास?”

“अव्वा, खरं तेच...”

“तुझं टाइलचं दुकान कुणाच्या जबानीवर उघडलं रे? कंपनीनं पहिला ट्रक तुझं तोंड बघून उतरवला का? बाप फोनवर एक शब्द बोलला, ट्रक उतरला. तवा सिबिल नव्हतं का तुझं?”

“तुम्हीच म्हणला इका म्हणून!”

“गुडघा दुखला म्हणून म्हणले. नाक कापून घ्यायला न्हाई म्हणले.” आणि त्या ताट उचलून, लंगडत, अंजूच्या शेजारी जाऊन बसल्या. दिवाळीपासून जमवलेला रुद्रेशभाऊजींचा पक्ष एका वाक्यात निम्मा झाला.

मला मात्र दुसरीच धास्ती. मी बाबांकडे बघत होते. ‘मी सांगितलं होतं’ एवढे तीन शब्द त्यांनी उच्चारले असते, तर या घरात माझं माहेर कायमचं शहाणं आणि सासर कायमचं येडं ठरलं असतं. मुक्ता माझा पदर चोखत होती. मी तिला इतकी आवळून धरली की ती कुरकुरली.

आणि मामांनी नेमकं तिकडंच तोंड वळवलं.

“पाव्हणं, तुमी पतसंस्थेत व्हता. तुमाला ठाव होतं का हे?”

बाबांनी हात पुसला. माझ्याकडे बघितलं नाही.

“ठाव होतं,” ते म्हणाले. “म्या फोन बी केला होता. पण पोरीला केला, तुमाला न्हाई. व्याह्याला सांगायची गोष्ट पोरीच्या डोक्यावर ठेवली. ते चुकलं.”

मामांनी त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

“तू का न्हाई सांगितलं ग?”

“तुम्ही पेढे वाटत होता, मामा.”

त्यांच्या मिशीत काहीतरी हललं. हसू म्हणावं की काय, मला अजून ठरवता येत नाही. “खरंय. पेढा तोंडात असल्यावर कुणाला काय ऐकू येतंय!” मग अंजूकडे वळून, एकदम बाजारातल्या आवाजात, “आता सांग. हा डाग निघतो कसा?”

“जे माफ झालं ते भरायचं. बँक पुरं फिटल्याचं पत्र देते, मग ‘तडजोड’ काढून ‘बंद’ लिहायला कळवते. मागचे थकलेले महिने दिसतच राहतात, ते पुसत न्हाईत. पण हा शेरा गेला की अर्ज परत बघू म्हणाले साहेब. देऊच, असं न्हाई म्हणाले.”

“म्हंजे बँकेनं सोडलेलं आपण होऊन द्यायचं?” रुद्रेशभाऊजी. “देतीलच, याची खात्री बी न्हाई? अप्पा, हा कुठला व्यापार?”

झालेला सौदा मामांनी कधी उलगडला नव्हता. तोटा आला तरी नाही आणि नफा सुटला तरी नाही. आणि इथं तर जिंकलेला सौदा उलगडायचा होता. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. उपरण्याच्या टोकाची ते घडी घालत होते, मोडत होते.

भरायचं तर कशातून, हे सगळ्यांना माहीत होतं. गोदामात तूर पडून होती. भाव चढेल म्हणून मामांनी राखलेली. यार्डात पैजा लागल्या होत्या, महादेवप्पा तूर कधी सोडणार म्हणून.

पंगतीच्या टोकाला व्यंकटराव आडते पान जुळवत बसले होते. मामांचे मित्र म्हणा, वैरी म्हणा. दोघांनी अर्धं आयुष्य एकमेकांची बोटं दाबण्यात घालवलेलं.

“व्यंकटराव,” मामा म्हणाले, “हात धुतला का?”

“धुतला. का रे?”

“पान ठेव बाजूला. ये.”

*

यार्डात आता सगळं उघड पुकारून होतं, उपरण्याखालचा सौदा कुणी करत नाही. आवारातल्या अर्ध्या लोकांनी तो कधी बघितलाही नव्हता. मामांनी उपरणं झटकलं, दोघांच्या उजव्या हातांवर टाकलं. आचाऱ्यानंसुद्धा झारा खाली ठेवला.

“औंदा हरभऱ्याला थंडी बरी हाय,” मामा म्हणाले.

“बरी हाय,” व्यंकटराव म्हणाले. “घाटे भरतेत.”

उपरण्याखाली काहीतरी हललं. एकदाच.

“कबूल,” मामा म्हणाले.

कुणाच्या तरी हातातलं भांडं वाजलं. रुद्रेशभाऊजी उठून उभेच राहिले. पहिल्या बोटावर! महादेवप्पांनी पहिल्या बोटावर कबूल म्हटलं! व्यंकटरावांनी हात सोडला नाही. थोडा वेळ आत चुळबूळ चालली. मामांनी एकदा हात ओढायला बघितला, मग ओढला नाही. त्यांचा चेहरा लाल झाला. सगळ्यांना वाटलं, व्यंकटराव अजून पिळून घेतोय. मग हात सुटला. मामांनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि पाटावर जाऊन उरलेली हुग्गी संपवली.

आत काय झालं, ते मला व्यंकटरावांनी पोती मोजायला आले तेव्हा सांगितलं. मी चहा दिला, त्यांनी कप हातातच धरून ठेवला.

“सूनबाई, सवयीनं म्या पहिलं बोट खाली दाबलं. तो वर मागणार, मी चढणार, असाच खेळ आमचा. तर हा म्हणतो, कबूल! मला वाटलं, माझा हात भाजला. जलमभर ह्याच्याकडून जिकायची आस होती, अन् जिकलो तर असं जिकलो! मग म्या हात सोडलाच न्हाई. माझं मीच वर चढलो. तो न्हाई न्हाई म्हणून बोटं मिटायला, मी उघडायलो. शेवटाला बाजारभावाला आणून सोडला तेव्हा थांबलो.”

“मग हे सगळ्यांना सांगा ना, काका! यार्डात लोक त्यांना हसायलेत.”

“कसं सांगू? त्यानं शपथ घातली. उपरण्याखालचं उपरण्याखाली.” त्यांनी चहा एका घोटात संपवला. “तुम्हाला सांगितलं, ते बी चुकलंच.”

*

बँकेत आम्ही तिघं गेलो: मामा, अंजू, आणि मुक्ताला घेऊन मी. शिवकुमार मिलवर थांबला. त्याला भीती होती की मामांनी ऐनवेळी साहेबाशी परत घासाघीस केली तर आपल्याला हसू येईल.

खिडकीतल्या मुलीला काही केल्या कळेना. “काका, हे खातं बंद आहे. काही बाकी नाही तुमच्याकडं.”

“हाय. माफ केलेलं हाय.”

“माफ केलेलं भरायचं नसतंय, काका.”

“पोरी, मला शिकवू नको. भरायचं कुठं ते दाखव.”

शेवटी ती आतल्या साहेबांना घेऊन आली. हे नवे साहेब. मामांनी ज्याला बैल केला तो कधीच बदलून गेला होता. त्यांनी अंजूला ओळखलं, कागद बघितले आणि मामांना खुर्ची दिली. “अप्पा, कर्जासाठी भरताय हे कळलं. पण आधीच सांगतो, हे भरलं म्हणजे नवीन मिळालंच, असं मी लिहून देऊ शकत नाही.”

अंजूनं माझा हात धरला. तूर गेली, चढायचा भाव गेला, यार्डातलं नाव गेलं, आणि हा माणूस सांगतोय की बदल्यात काही नाहीही मिळणार.

मामांनी उपरणं खांद्यावरून काढलं. क्षणभर मला वाटलं, टाकतात आता टेबलावर! त्यांनी ते नीट घडी करून मांडीवर ठेवलं.

“साहेब, सौदा करायला न्हाई आलो. ह्या पोरीच्या गळ्यात परवा लिंग बांधलं. तिच्या आज्याच्या नावाम्होरं अर्धं लिहिलेलं नको. पुरं लिहा. मग तुमी कर्ज द्या, नका देऊ.”

मुक्तानं तेवढ्यात टेबलावरचा शिक्का धरला आणि तोंडात घातला. साहेब हसले. मी ओशाळून तो काढून घ्यायला गेले तर म्हणाले, “राहू द्या. आजच्या दिवस चालतंय.”

त्या क्षणाइतका अभिमान मला कधी वाटला नाही. पेढ्यांच्या दिवशी सगळ्या घराला मामांच्या जिंकण्याचा वाटला होता, म्हणून मलाही वाटला होता. हा माझा होता. परत येताना ऑटोत मी बाबांना फोन लावला आणि काही न बोलता मामांच्या हातात दिला. दोघं बराच वेळ हरभऱ्याच्या थंडीवर बोलले.

शेरा बदलायला वेळ लागला. अंजू मोबाइलवर रिपोर्ट उघडून बघायची, बंद करायची. ‘बंद’ असं आलं त्या दिवशी ती स्वयंपाकघरात धावत आली आणि काही सांगायच्या आधी आत्याबाईंनी तिच्या तोंडात गुळाचा खडा घातला. कर्ज मागितलं त्याहून कमी मंजूर झालं. बाकीचं अंजूनं साठवलेल्या पगारातून घातलं. फर्मच्या कागदावर पहिली सही आता तिची. फाटकावर नवी पाटी आली: ‘महादेवप्पा आणि कन्या’.

मशीनखोलीला फरशी लागणार होती. एके सकाळी नांदेडहून टेम्पो आला, टाइल्स भरून. रुद्रेशभाऊजींचा फोन: “बिल पाठवायलो न्हाई. अन् हे कुठं सिबिलात लिहू नका म्हणावं.”

मामांनी फोन ठेवला आणि डोळे पुसले. “उधळ्याच हाय अजून,” म्हणाले.

*

मशीन सुरू झाली त्या दिवशी मामा तिच्यासमोर स्टूल टाकून बसले. डाळ पिवळीधमक खाली पडत होती, आणि बाजूच्या नळीतून टकटक करत डागी दाणे उडत होते.

“हीच तुमची सिबिल, अप्पा,” अंजू म्हणाली. “डाग दिसला की फुंकर.”

मामांनी फेकलेले दाणे मूठभर उचलले, उजेडात धरले. “ह्यातले किती तर बरे हायेत ग.”

“हायेत ना. म्हणून तर परत फिरवायचे. दुसऱ्या फेरीत बरेच चांगल्यात येतात.”

तेव्हापासून फेकलेल्या दाण्यांचं पिंप ते स्वतः भरतात, स्वतः ओततात. दुसऱ्या फेरीला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

मात्र यार्डात जाणं त्यांनी सोडलं आहे. तिथं अजून बोलतात, ‘महादेवप्पा म्हातारा झाला, पहिल्या बोटावर गेला.’ एकदा मी म्हटलंही, “मामा, व्यंकटकाकांना खरं सांगू द्या की.” तर म्हणाले, “बँकेच्या कागदावर खरं लिहून घेतलं, तेवढं बास. बाजाराला काय सांगायचं? बाजार इसरतो.” पण बाजार विसरलेला नाही आणि मामाही नाहीत, हे मला दिसतं. दुपारी मशीन थांबली की ते खांद्यावरचं उपरणं काढतात, स्वतःच्याच दोन हातांवर टाकतात आणि आत बोटं हलवत बसतात.

उद्या मी मुक्ताला घेऊन कंधारला निघाले आहे. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, थोडे दिवस लागतील. अंजू आणि शिवकुमार पहिल्या मोठ्या मालाबरोबर हैदराबादला चाललेत. आत्याबाईंचा गुडघा मिलपर्यंत येऊ देत नाही. दुपारी मामा तिथं एकटेच असतील.

म्हणून तुम्हाला विचारते. इथवर वाचलंत म्हणजे आता तुम्ही घरचेच. लातूरला याल, एमआयडीसीच्या बाजूनं जाल, तर ‘महादेवप्पा आणि कन्या’ ही पाटी बघून जरा आत डोकवाल का? जेवणाचा डबा उघडलाय की तसाच आहे, एवढं बघा. व्यंकटरावांनी मला सांगितलेलं काही बोलू नका. फक्त पाऊसपाण्याचं बोला. आणि त्यांनी उपरणं पुढं केलं, तर हात आत घाला. लगेच सोडू नका.